दुसरं पिंप उघडलं

आज सकाळी गच्चीवरचं, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायला ठेवलेलं दुसरं पिंप उघडलं. ते बंद करून बरोबर १६ दिवस झाले, आणि झाकणाची पट्टी सोडवताना छातीत धडधडत होतं कारण पहिल्या पिंपाचा वास अजून डोक्यातून गेलेला नाही.

तेव्हा मी रोज संध्याकाळी झाकण काढायचे, कलिंगडाची सालं, उरलेली आमटी सगळं पाण्यासकट ओतायचे आणि वर झाकण नुसतं टेकवायचे. दहाव्या दिवशी सडक्या अंड्यासारखा वास, तळाला काळं पाणी आणि अळ्याच अळ्या. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, काही बोलल्या नाहीत, नाकाला पदर लावून परत गेल्या. ते मला फार लागलं.

मग नीट वाचून काढलं. उघड्या ढिगातला कचरा कुजतो, त्याला हवा लागते. बंद पिंपातला आंबतो, लोणचं मुरतं तसा, आणि त्याला हवा अजिबात चालत नाही. माझं ना धड हे ना धड ते झालं होतं. जपानमध्ये ह्या आंबवण्याला बोकाशी म्हणतात, त्यासाठी विकतची पावडर मिळते पण मी घरीच केली. गव्हाचा कोंडा, गूळ आणि आंबट ताकाची निवळ, पिळल्यावर मुठीत गोळा होईल इतपतच ओलं, ते पिशवीत घट्ट बांधून २ आठवडे ठेवलं आणि मग सावलीत वाळवलं. यावेळी कचरा आधी चाळणीत निथळला, घरात डब्यात साठवला आणि दोन दिवसांतून एकदाच पिंपात टाकला, प्रत्येक थरावर मूठभर कोंडा, वरून जुन्या ताटलीने गच्च दाबून. भरल्यावर झाकण लावलं ते आजच काढलं.

वर पांढरी बुरशी, कापसासारखी. हिरवी-काळी कुठेच नाही! केळ्याची सालं अजून सालंच दिसतात, पण बोटाने दाबली की लगेच मऊ पडतात. काकूंना मुद्दाम बोलावलं. त्यांनी वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर इडलीच्या पिठासारखं आंबलंय."

हे अजून खत नाही, आंबट आहे, मुळांना थेट लागलं तर झाड जळेल. म्हणून मोठ्या कुंडीत माती, हे, परत माती असं भरून ठेवलंय, ३-४ आठवडे हात लावायचा नाही. पिंपाच्या तळाच्या तोटीतून निघालेलं पाणी १०० पट पाण्यात मिसळून जास्वंदीला घातलं. उरलेलं पाणी काकू तगरीसाठी मागून घेऊन गेल्या.

कोंडा संपत आलाय, उद्या गिरणीत जायचंय.