वाळवणीची घट आणि बाहेरची कडी

काल कोर्टात मी कारखान्याच्या मॅनेजरचा उलटतपास घेतला, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

सिंधुदुर्गातला एक काजू कारखाना, तिथं गोडाऊन सांभाळणारे आमचे अशील, त्यांना मी काका म्हणतो. बी कमी भरली म्हणून कारखान्यानं फिर्याद दिली, 408 (नोकरानं मालकाचा माल लाटल्याचं, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं कलम) लागलं, अटक झाली, दुसऱ्या दिवशी जामीन, आणि मग वर्षानुवर्षं तारखा. शेवटी निर्दोष सुटले. आता आम्ही कारखान्यावर मॅलिशियस प्रॉसिक्युशनचा, म्हणजे द्वेषातून खोटा खटला भरल्याबद्दल भरपाईचा, दावा लावलाय. लोकांना वाटतं निर्दोष सुटला की भरपाई ठरलेलीच. तसं नसतं. तो निकाल फक्त सुटका झाली एवढंच दाखवतो, फिर्यादीला वाजवी कारण नव्हतं आणि मनात द्वेष होता हे सिव्हिल कोर्टात आम्हालाच पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं.

द्वेषाचं कारण होतं, काकांनी पीएफसाठी लेखी अर्ज केला होता. वाजवी कारणासाठी मी स्टॉक रजिस्टरवर बसलो. काजूची बी बागेतून येते तेव्हा ओली असते, काट्यावर वजन होतं ते ओल्या बीचं. मग खळ्यात उन्हात वाळवून आर्द्रता आठ-नऊ टक्क्यांपर्यंत उतरवतात, नाहीतर साठवणीत बुरशी धरते. म्हणजे पोत्यात एक बी कमी न होता वजन उतरणारच, आणि ही घट कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. फिर्यादीत मात्र आवक ओल्या वजनाची, मोजणी वाळलेल्या मालाची, आणि मधला फरक म्हणजे चोरी! मी आदल्या वर्षाचं रजिस्टर पुढे केलं, त्यात ‘वाळवणीची घट’ असा वेगळा रकाना, खाली सही. “ही सही तुमची?” “हो.” “मग पुढच्या वर्षी हा रकाना गेला कुठे?” उत्तर आलं नाही. एवढं साधं रजिस्टर तपास अधिकाऱ्यानं जप्तसुद्धा केलं नव्हतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी 41अ ची (तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली, पोलिसांपुढे हजर राहा अशी) नोटीस द्या, असं सुप्रीम कोर्टानं अर्नेशकुमारच्या निकालात 2014 सालीच सांगितलंय, पण मोठ्या माणसाचा फोन आला की ते कोण वाचतं.

मॅनेजरचा पवित्रा नेहमीचाच, आम्ही फक्त तक्रार दिली, अटक पोलिसांनी केली. त्यावर प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) 1908 चा गया प्रसाद विरुद्ध भगत सिंग हा निकाल अजून चालतो, खोटं माहीत असून जो पोलिसांची दिशाभूल करतो आणि केस पुढे रेटतो तोच खरा खटला चालवणारा. इथं तर जामिनाला विरोध करायला कंपनीचा स्वतःचा वकील उभा होता.

मग मी कोंडून ठेवल्याच्या मुद्द्यावर आलो. पोलीस यायच्या आधी काकांना दुपारपासून रात्रीपर्यंत काट्याशेजारच्या केबिनमध्ये ठेवलं होतं, मोबाईल काढून घेतला होता. समोरच्या वकिलांनी लगेच हरकत घेतली, मी म्हटलं द्वेष दाखवायला हे लागतं, कोर्टानं प्रश्न येऊ दिला. “बसवून ठेवलेलं, कोंडलं नव्हतं.” “कडी बाहेरून कोणी लावली?” “वॉचमननं.” “कोणाच्या सांगण्यावरून?” बराच वेळ गेला. “माझ्या.”

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, “वकीलानू, माका कोंडून घातल्यानी त्याचे पैशे खंय मागलास?”

मागता येत नाहीत. मुदत कायद्यात दोन्हींना एकच वर्ष आहे, पण खटल्याचं वर्ष निर्दोष सुटल्यापासून मोजतात (अनुच्छेद 74) आणि कोंडून ठेवल्याचं वर्ष दार उघडल्यापासून (अनुच्छेद 73). म्हणजे केस चालू असतानाच, आरोपी म्हणून तारखा घेत असतानाच, त्यांनी कारखान्यावर वेगळा दावा लावायला हवा होता. त्यांच्या तेव्हाच्या वकिलांनी हे सांगितलंच नाही, आणि याचा मला खरंच राग येतो, कारण दहा मिनिटांचं सांगणं होतं ते. काकांना जीपमधून नेलं त्यापेक्षा त्या केबिनचं जास्त लागलंय. लघवीला जाऊ दिलं नाही हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं, ते काल भर कोर्टात आलं.

पुढची तारीख युक्तिवादाची. ती कडी मी द्वेषाचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून मांडणार आहे, आणि खटल्यापायी झालेल्या बेअब्रूची रक्कम ठरवताना कोर्टानं फिर्यादीमागचा हा द्वेष मोजावा अशी विनंती करणार आहे. समोरचे मुदतीवरच बोलणार हे उघड आहे. कोर्ट किती ऐकेल, बघू.