निगेटिव्ह आलं, पण कधी केलेली टेस्ट?
आज एका जवळच्या मित्रासोबत एचआयव्हीचा रिपोर्ट आणायला गेलो होतो. निगेटिव्ह आला, पण काउन्सेलर ताई म्हणाल्या की अजून विंडो पिरियड, म्हणजे लागण झाली तरी टेस्टमध्ये दिसत नाही तो काळ, संपलेला नाहीये, परत करावी लागेल, आणि त्याचा चेहराच उतरला हो. हातातला कागद त्याने इतक्या वेळा घडी केला की घडीवर फाटायला आला.

ताईंनी मात्र न कंटाळता सगळं सांगितलं. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये जी फोर्थ जनरेशन टेस्ट करतात ती अँटीबॉडीसोबत (शरीर विषाणूविरुद्ध बनवतं ती) पी२४ अँटिजेनही (विषाणूचाच एक भाग) शोधते, त्यामुळे संबंध आल्यापासून साधारण १८ ते ४५ दिवसांत पकडते, म्हणजे ४५ दिवसांनंतरचा निगेटिव्ह पक्का धरतात. बोटातून रक्त घेऊन करायची रॅपिड किंवा घरी करायची किट असेल तर ९० दिवस, कारण शरीराला अँटीबॉडी बनवायला वेळ लागतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा. या मधल्या काळात पुन्हा रिस्क घेतली तर मोजणी परत पहिल्यापासून.

मला वाटतं ही वाट बघणंच माणसाला जास्त खातं. थोडा ताप आला, पुरळ दिसलं की तो गुगल करत बसतो, पण लक्षणांवरून काहीच कळत नाही, टेस्टवरूनच कळतं.

आणि कुणाला नुकतीच शंका असेल तर प्लीज थांबू नका, ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जाऊन पेपबद्दल, म्हणजे लागण टाळायच्या औषधांबद्दल विचारा, २८ दिवसांच्या गोळ्या असतात, जितक्या लवकर सुरू तितकं चांगलं.