आमची वाटचाल : आधी यादी, मग व्हिडिओ

न्यू जर्सीत सॉकर खेळणाऱ्या नववी ते बारावीच्या मुलामुलींना कॉलेजच्या कोचपर्यंत पोचवणं हे आमचं काम. सुरुवात व्हिडिओ संकलनापासून झाली. मर्सर काउंटी पार्कसारख्या मैदानांवर शनिवार-रविवारी आईवडील फोनवर सामने टिपायचे आणि आम्ही त्यातून तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ कापून द्यायचो. ते काम आजही चालू आहे, पण आता तो आमच्या कामाचा लहानसा भाग उरला आहे. कोच नुसता चांगला खेळाडू शोधत नसतो. दोन वर्षांनी आपल्या संघात जी जागा रिकामी होणार, तिथे उभा राहील असा खेळाडू त्याला हवा असतो. हे ध्यानात आलं तसा आमच्या कामाचा क्रम उलटला : आधी कॉलेजांची यादी, मग व्हिडिओ.

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर संघाचा रोस्टर असतो. त्यात खेळाडूची जागा, उंची, कॉलेजचं वर्ष, गाव आणि आधीचा क्लब दिलेला असतो. समजा, एक मुलगी २०२७ मध्ये बारावी होणार आहे आणि लेफ्ट बॅक खेळते. मग त्या संघातल्या लेफ्ट बॅक कोणत्या वर्षाला आहेत, हे आम्ही आधी बघतो. २०२७ पर्यंत दोघी बाहेर पडणार असतील तर जागा आहे. दोघी पहिल्या वर्षाला असतील, तर कोच कितीही गोड बोलला तरी जागा नाही. मग गेल्या तीन हंगामांत नवे खेळाडू कुठून आले ते तपासतो : हायस्कूलमधून, ट्रान्स्फर पोर्टलमधून (म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन) की परदेशातून? कॉलेज खेळांची मुख्य संघटना एनसीएए कॉलेजांचे तीन गट करते : डिव्हिजन वन (सर्वांत वरचा), टू आणि थ्री. पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये बरेच कोच विशी ओलांडलेले तयार खेळाडू घेतात. अशा ठिकाणी सतरा वर्षांच्या मुलाने कितीही पत्रं लिहिली तरी हाती काही लागत नाही. साठेक कॉलेजांच्या यादीपासून सुरुवात करून आम्ही पंचविसावर येतो आणि तिथून पुढे मुलाने स्वतः निवड करायची.

मुलांची स्पर्धा मुलींपेक्षा कठीण आहे, हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर महिलांचे संघ वाढत गेले. आज डिव्हिजन वनमध्ये महिलांचे सुमारे साडेतीनशे संघ आहेत, पुरुषांचे दोनशेच्या आसपास. पैशांचा हिशोबही बदलला आहे. पूर्वी डिव्हिजन वनच्या पुरुष संघाला एकूण ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, महिला संघाला १४ ची. त्या सगळ्या संघात वाटल्या जायच्या, म्हणून पूर्ण शिष्यवृत्ती फार थोड्यांच्या वाट्याला यायची. २०२५-२६ पासून हाऊस खटल्यातल्या (खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या दाव्यातल्या) तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना शिष्यवृत्तीची मर्यादा नाही, पण संघात २८ च खेळाडू ठेवता येतात. आधी तिशीच्या पुढे संघ ठेवणाऱ्या कोचनी पहिला हात आखडला तो कच्च्या, पण पुढे चमकतील अशा मुलांच्या बाबतीत. आयव्ही लीग (हार्वर्ड, प्रिन्स्टनसारखी आठ विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्री खेळासाठी पैसे देतच नाहीत. तिथली मदत गुणवत्तेवर किंवा घरच्या परिस्थितीवर मिळते. डिव्हिजन टू आणि एनएआयए (मुख्यतः लहान कॉलेजांची वेगळी क्रीडा संघटना) यांच्याकडे मराठी घरांतून फारसं कुणी बघत नाही, याची आम्हाला खरोखर खंत वाटते. अर्धी-पाऊण शिष्यवृत्ती आणि पहिल्या वर्षापासून खेळायला मिळण्याची शक्यता तिथे जास्त असते.

व्हिडिओचं म्हणाल तर पहिल्या तीस सेकंदांत कोचचं मत बनतं. म्हणून सर्वांत बोलक्या पाच क्लिप सुरुवातीला. एकूण वीस-पंचवीस क्लिप, प्रत्येक आठ-दहा सेकंदांची. चेंडू येण्याआधी तीन सेकंद क्लिप सुरू झाली पाहिजे, कारण मुलगी मान वळवून मागे बघते का आणि चेंडू घ्यायला अंग कसं फिरवते हे कोचला बघायचं असतं. पास दिल्यावरही दोन सेकंद क्लिप चालू ठेवायची, म्हणजे पुढची धाव दिसते. सुरुवातीला क्षणभर चित्र थांबवून खेळाडूभोवती कडं काढायचं. संगीत नको, स्लो मोशन नको. सेंटर बॅकच्या व्हिडिओत त्याने मारलेले दोन गोल आधी लावण्याचा मोह पालकांना होतो. कोचला मात्र एकास एक अडवणं, हेडर आणि दबावाखाली दिलेला पास हवा असतो. गोलकीपरच्या बाबतीत क्रॉसवर पुढे येणं आणि पायाने केलेलं वितरण हवंच. चित्रीकरण मध्यरेषेजवळून, उंचावरून करावं. फोन हातात धरून चेंडूमागे धावत्या झूमने टिपलेला सामना बहुतेकदा वाया जातो, कारण बाकीचे खेळाडू कुठे उभे आहेत हेच दिसत नाही. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक द्यायची. ती यूट्यूबवर 'प्रायव्हेट' ठेवली की कोचला उघडत नाही, 'अनलिस्टेड' ठेवावी लागते. गूगल ड्राइव्हची परवानगी मागत बसायला कोचला वेळ नसतो.

पत्र मुलानेच लिहायचं, पालकांनी नाही आणि आम्हीही नाही. आम्ही फक्त खाडाखोड सुचवतो. विषयाच्या ओळीतच सगळं यावं : '२०२७, लेफ्ट बॅक, क्लबचं नाव, जीपीए ३.७, शनिवार सकाळी ९, मैदान ७, जर्सी १४' (जीपीए म्हणजे शाळेतल्या गुणांची चारच्या मापावरची सरासरी). आत त्या कॉलेजच्या खेळाबद्दल एखादं खरं निरीक्षण हवं. पन्नास कोचना तेच पत्र गेलं की ते ओळखू येतं, आणि एखाद्यात दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहून गेलं तर तो दरवाजा बंद. शोकेसच्या, म्हणजे कोच खेळाडू बघायला येतात त्या स्पर्धेच्या, आठ-दहा दिवस आधी वेळापत्रक पाठवायचं, आदल्या गुरुवारी आठवण द्यायची आणि मैदान बदललं तर लगेच कळवायचं.

डिव्हिजन वन आणि टूच्या कोचना दहावी संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपर्यंत खेळाडूशी भरतीविषयी बोलता येत नाही. त्याआधी उत्तर आलं नाही म्हणजे नकार मिळाला, असं समजू नये. डिव्हिजन वनमध्ये कॉलेजला अधिकृत भेट १ ऑगस्टपासून, म्हणजे अकरावीच्या तोंडावर. कॅम्पचं (कॉलेजच्या पैसे भरून करायच्या सराव शिबिराचं) आमंत्रण मात्र कधीही येतं आणि त्यातली बहुसंख्य सरसकट पाठवलेली असतात. कोचने तुमच्या सामन्याचा किंवा एखाद्या क्लिपचा उल्लेख केला असेल, तरच त्या कॅम्पवर पैसे खर्च करा.

आमच्याकडे येणाऱ्या मराठी मुलांची जमेची बाजू म्हणजे अभ्यास, आणि ती सगळ्यात उपयोगी पडते ती डिव्हिजन थ्रीत. तिथल्या अनेक नामांकित कॉलेजांत अकरावीनंतरच्या जुलैमध्ये कोच मुलाची गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाकडून आधीच पाहून घेतो. याला प्री-रीड म्हणतात. त्यात हिरवा कंदील मिळाला आणि कोचने जागा कबूल केली, की नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ली डिसिजनचा, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तिथेच जायचं बंधन असलेला, अर्ज जातो. जूनच्या आत गुणपत्रिका, बारावीच्या विषयांची यादी आणि असल्यास सॅटचे गुण तयार नसले तर ही खिडकी निघून जाते.

डिव्हिजन वनच्या पात्रतेसाठी १६ मुख्य विषय आणि किमान २.३ जीपीए लागतो. त्यातले १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या दहापैकी ७ इंग्रजी, गणित व विज्ञानाचे.

हल्ली पुणे, मुंबई, कोल्हापूरहूनही विचारणा होते. त्यांना आमची पहिली सूचना : बारावीनंतर 'ड्रॉप' घेण्याआधी विचारा. ठरलेल्या वेळेत बारावी झाल्यावर एक वर्षाची सवलत मिळते. त्यानंतरही संघटित स्पर्धा खेळत राहिल्यास डिव्हिजन वनमधली खेळण्याची वर्षं कमी होऊ शकतात. क्लबकडून मानधन घेत असाल तर तेही आधी सांगा. नववी ते बारावीच्या गुणपत्रिका शाळेच्या आणि ज्युनियर कॉलेजच्या शिक्क्यासह आताच काढून ठेवा, वर्षभराने त्या मिळवताना फार धावपळ होते.

आमची फी ठरावीक असते आणि ती आधीच सांगितली जाते. प्रवेश किंवा शिष्यवृत्तीवर टक्केवारी आम्ही घेत नाही, कारण तशी फी दिल्यास खेळाडूचीच पात्रता धोक्यात येते. शिष्यवृत्तीची हमी देऊन टक्केवारी मागणारा कुणी भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. पहिल्या भेटीला एक पूर्ण सामना, गुणपत्रिका आणि वर्षाला घरून किती डॉलर भरता येतील तो आकडा घेऊन या.