गँग स्टारचा शेवटचा अल्बम आणि प्रीमियरची कमाल

सध्या माझ्याकडे गँग स्टार ही अमेरिकन रॅप जोडी लूपवर चालूय आणि या वेळी उलटं ऐकतोय, म्हणजे 2019 चा 'वन ऑफ द बेस्ट येट' आधी आणि मग मागे मागे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन, गुरू म्हणजे रॅपर कीथ इलम, बॉस्टनचा, वडील चक्क जज, आणि डीजे प्रीमियर म्हणजे बीट्स (रॅपखालचं संगीत) बनवणारा क्रिस मार्टिन, टेक्ससचा. दोघंही मूळचे न्यूयॉर्कचे नाहीत पण नव्वदीतला न्यूयॉर्कचा साउंड म्हटलं की यांचंच नाव निघतं. 1989 चा पहिला अल्बम ठीकठाक, खरी मजा 1991 च्या 'स्टेप इन द अरीना'पासून.

गुरू ओरडत नाही, फास्ट रॅप करून दाखवायची हौस नाही, एकाच पट्टीत शांतपणे बोलत राहतो, कुणाला हे बोअर वाटतं, मला नाही वाटत, कारण खाली प्रीमियर जॅझ आणि सोलच्या जुन्या रेकॉर्डचे तुकडे कापून असले कडक ड्रम्स लावतो की वर कुणी अजून आरडाओरडा केला असता तर सगळा गोंधळच झाला असता. कोरसला पण गायक वगैरे नाही, बऱ्याचदा दुसऱ्यांच्या गाण्यातल्या ओळी स्क्रॅच करून (रेकॉर्ड हाताने मागेपुढे फिरवून) जोडलेल्या.

बाहेरची कामं दोघांचीही जोरात. गुरूने 1993 मध्ये स्वतःच्या 'जॅझमटॅझ' अल्बमसाठी डोनाल्ड बर्ड, रॉय एअर्ससारखे खरे जॅझवाले आणले, आणि प्रीमियरने रॅपर नासच्या 'इलमॅटिक' अल्बममध्ये तीन गाणी केली. तरी 1998 ला 'मोमेंट ऑफ ट्रुथ' आला, तोही गुरूवर बंदुकीची केस लटकत असताना, आणि माझ्या मते तोच बेस्ट.

2003 च्या 'द ओनर्झ'नंतर दोघं वेगळे झाले, गुरू नव्या पार्टनरसोबत काम करायला लागला, आणि 2010 मध्ये कॅन्सरने गेला, वय फक्त 48.

प्रीमियरने मग गुरूचे रिलीज न झालेले व्होकल्स मिळवले आणि त्याभोवती नवीन बीट्स बांधले. नॉर्मली रॅपर बीटवर लिहितो, इथे सगळं उलटं, आणि समोरच्याला 'ही ओळ परत घे ना' म्हणायची पण सोय नाही. अल्बममध्ये पाहुणे जरा जास्तच झालेत, दोन-तीन गाणी उगाच वाटतात, पण रॅपर जे. कोल पाहुणा असलेलं गाणं ऐकताना गुरू स्टुडिओत नव्हता हे खरंच लक्षात येत नाही.

नवीन असाल तर माझ्यासारखं उलटं नका ऐकू, 'मोमेंट ऑफ ट्रुथ' लावा आधी.