पॉवर बंद केली, तरी चिप बंद झालीच नाही: माझा अनुभव

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसच्या कूलिंग पाण्याचं तापमान मोजणारा लिनक्स बोर्ड बसवलाय. फर्नेसनं लोड घेतला की सप्लाय दचकतो आणि आयटूसी बसवरची (चिपा जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावरची) एडीसी चिप, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणारी चिप, अडकते. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत, -१२१ ही चिपशी बोलणं फसल्याची एरर यायला लागते. ड्रायव्हरनं (चिप हाताळणारा कर्नलमधला कोड) चिपची ३.३ व्होल्टची लाइन बंद करून परत चालू करावी, एवढंच काम होतं. कोड अर्ध्या दिवसात झाला. चिप मात्र परत जागी होईना.

चिप देणाऱ्या कंपनीचा सपोर्ट फॉर्म दोनदा भरला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "पॉवर काढून पुन्हा द्या." तेच तर करत होतो! याचा राग अजून गेलेला नाही, कारण खरं उत्तर दोन ओळींचं होतं.

सुरुवातीलाच डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणारं फोल्डर) रेग्युलेटर समरी फाइल उघडा. रेग्युलेटर म्हणजे कर्नलच्या लेखी एक पॉवर लाइन. रेग्युलेटर डिसेबल म्हणजे स्विच नव्हे, ती लाइन किती जण वापरतात याची मोजणी आहे. त्याच लाइनवर दुसरं उपकरण असेल तर आकडा २ चा १ होतो आणि वीज चालूच राहते. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) व्हीडीडी-सप्लायचं स्पेलिंग चुकलं असेल तर कर्नल डमी, म्हणजे नावापुरता, रेग्युलेटर देतं. मग एनेबल-डिसेबल दोन्ही 'यशस्वी' होतात आणि बोर्डवर काहीच हलत नाही. डीमेसेजमध्ये 'यूझिंग डमी रेग्युलेटर' अशी ओळ दिसते, ती शोधा. माझं इथपर्यंत ठीक होतं.

मग मल्टिमीटर लावला. लोड स्विच (लाइन चालू-बंद करणारी चिप) बंद, तरी चिपच्या पॉवर पिनवर १.८ व्होल्ट! डेटाशीट म्हणते की लाइन ०.३ व्होल्टच्या खाली गेली तरच पॉवर-ऑन रिसेट होतो. म्हणजे चिप अर्धवट जिवंत राहत होती, आतले रजिस्टर (सेटिंगचे कप्पे) आहेत तसेच अडकलेले.

ही वीज सिग्नलच्या पिनांतून शिरत होती. प्रोसेसर रिसेटची पिन ३.३ वर धरून बसला होता आणि चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून करंट पॉवर लाइनवर चढत होता. पॉवर काढण्याआधी रिसेट खाली ओढला, तर मीटर १.१ वर आला. उरलेलं पुल-अपमधून (तार एरवी वर धरून ठेवणारे रेझिस्टर): एसडीए, एससीएल या आयटूसीच्या दोन तारा आणि इंटरप्ट (चिपनं प्रोसेसरला हाक मारायची तार), तिन्हींचे ४.७ किलोओहमचे रेझिस्टर कायम चालू असलेल्या ३.३ ला जोडलेले होते. ते काढून चिपच्याच स्विच होणाऱ्या लाइनवर लावले आणि पिनकंट्रोलच्या (पिनांची सेटिंग ठरवणारा कर्नलचा भाग) स्लीप स्टेटमध्ये प्रोसेसरचे आतले पुल-अपही बंद केले. मीटर ०.०४. त्या बसवर दुसरी चिप असेल तर हे करू नका, ती बसही मरेल. तिथे मध्ये बस तोडणारा स्विच लागतो.

तरीही पहिल्या प्रयत्नात चिप उठली नाही, कारण लाइनवरचा ४७० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर. तो रिकामा व्हायला चार सेकंद लागत होते आणि ड्रायव्हर १० मिलिसेकंदच थांबत होता. लाइन आणि ग्राउंडमध्ये १०० ओहम लावला की ३.३ वरून ०.३ वर यायला साधारण ११३ मिलिसेकंद लागतात. कपॅसिटर छापील आकड्यापेक्षा २० टक्के मोठा निघेल असं धरलं तर १३५. मी डिव्हाइस ट्रीमध्ये ऑफ-ऑन-डिले-यूएस (बंद-चालूमधला थांबा, मायक्रोसेकंदांत) २००००० ठेवला. हा रेझिस्टर चालू असताना सतत ३३ मिलिअँपिअर खातो, बॅटरीवरच्या बोर्डाला परवडणार नाही. तिथे डिस्चार्जची सोय आतच असलेला लोड स्विच घ्या.

पुल-अप हलवल्यावर एक नवीन गोष्ट होते, ती आधीच सांगायला हवी होती. लाइन बंद झाली की इंटरप्टची पिनही खाली जाते. लो-लेव्हल इंटरप्ट असेल तर तो अखंड येत राहतो. १ लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून जास्त कुणी हाताळले नाहीत की कर्नल 'नोबडी केअर्ड' म्हणून ती इंटरप्टची लाइनच बंद करतं. म्हणून क्रम असा ठेवा: इंटरप्ट बंद, रेगमॅप कॅश-ओन्ली (रजिस्टरचं लिखाण चिपकडे न जाता कर्नलमधल्या प्रतीतच), रिसेट खाली, पिना स्लीपमध्ये, शेवटी रेग्युलेटर. चालू करताना उलटं. पण रिसेट सोडल्यावर डेटाशीटमधला वेळ थांबा, मग कॅश डर्टी करून (चिपशी जुळत नाही अशी खूण करून) सिंक, म्हणजे ती प्रत चिपमध्ये लिहा. डर्टी करायचं राहिलं तर कॅशला वाटतं चिपमध्ये जुनी सेटिंग आहेत, आणि एडीसी चुकीच्या गेनवर (सिग्नल मोठा करायच्या पटीवर) आकडे देत राहते, एररही येत नाही.

हे सगळं वर्कक्यूमध्ये (कामं मागाहून करणारी कर्नलची रांग), म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरून करा. थ्रेडेड हँडलरमधूनच (इंटरप्ट हाताळणारा स्वतंत्र थ्रेड) डिसेबल-आयआरक्यू, म्हणजे इंटरप्ट बंद करणारं फंक्शन, बोलावलं तर ते स्वतःच्याच संपण्याची वाट बघत अडकतं, तिथे नोसिंकवालं वापरा. रनटाइम पीएमच्या (रिकाम्या उपकरणाची वीज वाचवणारी कर्नलची सोय) पुटवर, म्हणजे 'माझं काम झालं' सांगणाऱ्या कॉलवर, विसंबू नका. ते फक्त मोजणी कमी करतं, आणि कुणी पॉवर कंट्रोलमध्ये 'ऑन' लिहून ठेवलं असेल तर वीज जातच नाही.

पडताळणीसाठी सिसएफएसमधून (कर्नलला फाइलींतून हुकूम द्यायची जागा) अनबाइंड-बाइंडचा, म्हणजे ड्रायव्हर चिपपासून सोडवून परत जोडायचा, लूप रात्रभर चालवा, प्रत्येक फेरीत चिपचा आयडी रजिस्टर वाचून. माझ्या १,००० फेऱ्यांत -१२१ एकदाही आला नाही.