काटापट्टीतले पाच किलो

आमचं ऑफिस पांढरकवड्यात, खाली कृषी केंद्र अन् वर आम्ही सात जण. जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर बनवतो, गाडी काट्यावर आली की वजन घ्यायचं, ओलावा टाकायचा, काटापट्टी छापायची, मग चुकारा.

त्या दिवशी सकाळीच एका जिनिंगच्या मुनीमजींचा फोन. एक शेतकरी पट्टी घेऊन उभा होता, भरलेली गाडी २९०५ किलो, रिकामी १७२०, अन् त्याने पट्टीवरच पेनाने वजाबाकी केली होती, ११८५. आमच्या पट्टीवर निव्वळ वजन मात्र ११.८० क्विंटल. "मॅडमले मी नऊ दिवसापासून सांगून राहिलो भाऊ, काहून कोणी पाहत नाही?" मुनीमजी म्हणाले.

सपोर्ट सांभाळणाऱ्या ताईने काही न बोलता मोबाईल पुढे केला. खरंच टाकलं होतं तिने ग्रुपवर, नऊ दिवसांआधी, वाढदिवसाचा केक अन् कुठल्या तरी बिल्डचे स्क्रीनशॉट यांच्या मधात. त्याच्यावर दोन अंगठे, एक माझा अन् एक दुसऱ्या डेव्हलपरचा. मला वाटलं तो पाहतो, त्याला वाटलं मी.

चूक वीस मिनिटांत सापडली. किलोचे क्विंटल करताना पॉइंटनंतरचा एकच आकडा धरला जात होता. २०२४-२५ ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता, त्या हिशोबाने पाच किलोचे पावणेचारशे होतात. ज्याच्या घरी कापूस पिकतो त्याला विचारा पावणेचारशे म्हणजे काय. माझ्या बाबांची गाडीपण अशाच काट्यावर उभी राहते, ते सारखं डोक्यात येऊन राहिलं होतं. बरं झालं भरलेली-रिकामी वजनं डेटाबेसमध्ये जशीच्या तशी होती, त्यावरून नऊ दिवसांच्या सगळ्या पट्ट्या काढल्या, २१२ जणांचं वजन कमी लागलेलं. जिनिंगचे मालक फरक द्यायला तयार झाले.

दुपारी बाकी सगळं काम थांबवलं. तक्रारी अन् कामं नोंदवून ठेवायला टूल कोणतं घ्यायचं यावर आमच्यात दोन महिन्यांपासून वाद चालू होता, पुण्याहून परत आलेल्या आमच्या एकाला जिरा पाहिजे, एकाला ट्रेलो, मी रेडमाईन जुन्या डेस्कटॉपवर टाकून बसलेलो, अन् भांडण सगळं कामाच्या नियोजनाचं, स्प्रिंट अन् गँट चार्टवर. तक्रार जी घेते तिला कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून त्या दिवशी कीबोर्ड ताईला दिला, मुनीमजींना परत फोन लावला अन् म्हटलं, तेच बोलणं पुन्हा ऐक अन् तिन्हींमध्ये टाक. मी फक्त वेळ पाहतो.

ट्रेलोमध्ये सगळ्यात पटकन झालं, फोन चालू असतानाच कार्ड तयार. जिरामध्ये ती अडकली, आम्हीच पाच रकाने कंपल्सरी करून ठेवलेले. "दादा, हे प्रायोरिटी मी ठरवू का?" तिने विचारलं. हा दोष जिराचा नाही, आमच्या सेटअपचा, अन् दहा जणांपर्यंत ते फुकटच असल्यामुळे पैशाचाही प्रश्न नव्हता.

मग मी म्हटलं, आता हे काम कोणाचं ते लिही. ट्रेलोच्या कार्डवर तिने आम्हा दोघांची नावं लावली, अन् ती ट्रेलोने घेतलीपण, एका कार्डवर कितीही मेंबर चालतात. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. दोन अंगठे अन् दोन नावं, फरक काय? जिरा अन् रेडमाईनमध्ये असाइनीची, म्हणजे काम ज्याच्याकडे त्याच्या नावाची, जागा एकच असते. तिथे तिला थांबून विचारावं लागलं, "तुमच्यापैकी कोण?" मला हा प्रश्न पाहिजे होता.

साडेतीनला लाईट गेली. इन्व्हर्टरवर मशीनी चालू राहिल्या पण नेट गेलं, अन् आमच्याकडे हंगामात हे रोजचंच आहे. जिरा अन् ट्रेलो नेटवरचे, ते बंद. कोपऱ्यातलं रेडमाईन लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्याच नेटवर्कवर, चालूच होतं. जिराची सर्व्हर आवृत्ती आपल्या मशीनवर टाकता यायची, पण तिचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला. पुण्याहून आलेला स्वतःच म्हणाला, "जमते, रेडमाईनच घेऊ."

ते ओपन सोर्स आहे, २००६ पासून चालू आहे, पण स्वतःच्या मशीनवर ठेवायचं म्हणजे बॅकअपही आपलाच. त्यात एक गोष्ट लोक विसरतात, डेटाबेस एकीकडे अन् जोडलेल्या फाईलींचं फोल्डर वेगळीकडे असते, दोन्ही घ्यावं लागते. आम्ही त्याच संध्याकाळी बॅकअप घेऊन दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला, पट्टीचे फोटो दिसले तेव्हाच घरी गेलो. नवीन तक्रारीला तीनच रकाने ठेवले, काय झालं, कोणती जिनिंग, कोण पाहणार. अन् रेडमाईनमध्ये कोणत्या रोलने कुठलं स्टेटस बदलायचं ते ठरवता येते, त्याचा पुरा फायदा घेतला. डेव्हलपर फक्त रिझॉल्व्ड, म्हणजे दुरुस्त झालं, एवढंच करू शकतो. क्लोज्ड, म्हणजे तक्रार बंद, करायचा हक्क ताईचा, तोही मुनीमजींना फोन करून विचारल्यावरच.

मी रात्री "काट्यात ५ किलो कमी येऊन राहिले" हे तिचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, रिझॉल्व्ड केलं. तिने बंद केलं नाही. २१२ पैकी काही शेतकऱ्यांचा फरक द्यायचा राहिला होता. ती रोज दुपारी जिनिंगला फोन लावायची अन् किती राहिले तो आकडा तिकिटात लिहायची, १९, मग ११, मग ४. शेवटचा माणूस बोरीचा होता, तो बाजाराच्या दिवशी येऊन पैसे घेऊन गेला, तेव्हा तिने ते बंद केलं.