सहा तातामींची खोली

आजचा मुक्काम जपानमधल्या ताकायामात, एका आजींच्या जुन्या लाकडी घरात. अशा घरगुती खानावळवजा मुक्कामाला इथे मिनशुकू म्हणतात. र्‍योकानचं, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या हॉटेलचं, स्वस्तातलं धाकटं भावंड.

दारात चपला काढायची सवय आपल्याला आहेच. पण तातामीवर, म्हणजे जमिनीवर बसवलेल्या जाड चटयांवर, स्लिपरही चालत नाही आणि संडासाची स्लिपर वेगळी, हे इथे शिकले. खोली सहा तातामींची, म्हणजे जेमतेम १० चौरस मीटर. पलंग नाही, खुर्ची नाही. एक बुटकं टेबल आणि भिंतीतल्या कपाटात घडी घातलेली गादी. लव्हाळ्याच्या त्या चटयांना सुकत्या गवताचा वास येतो. बराच वेळ नुसती पडून राहिले.

न्हाणीघर सगळ्यांचं एकच. बुटक्या स्टुलावर बसून आधी अंग स्वच्छ धुवायचं, मगच गरम पाण्याच्या टाकीत उतरायचं. तेच पाणी पुढच्याला वापरायचं असतं, म्हणून बाहेर येताना बूच काढायचं नाही. दुसऱ्याचा एवढा विचार मला फार आवडला.

आंघोळीनंतर युकाता, म्हणजे साधा सुती किमोनो, नेसून निघाले, तर बोळात आजींनी थांबवलं. काही न बोलता पट्टा सोडला, डावा पदर उजव्यावर आणला, पुन्हा गाठ मारली आणि पाठीवर हलकेच थोपटलं. उजवा पदर वर फक्त मृताला नेसवताना घेतात, हे नंतर कळलं. डोळे भरून आले हो. परक्या मुलुखात कुणी असं हक्काने कपडे नीट करतं!

उद्या निघताना पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की आजींच्या हातात ठेवणार आहे.